डब्ल्यूएसडीएलवरून कोड हवाय, पण आयडीई नको: डब्ल्यूएसइम्पोर्ट, सीएक्सएफ की डॉटनेट-एसव्हीसीयूटिल?

समोरच्या पार्टीने मेलला एक डब्ल्यूएसडीएल फाइल (सोप वेब सर्व्हिसमध्ये कोणत्या मेथड आहेत आणि त्यांना काय द्यायचं, हे सांगणारी एक्सएमएल फाइल) जोडून पाठवली आहे आणि सोबत एक ओळ: ‘यावरून क्लायंट बनवून घ्या.’ म्हणजे त्या सर्व्हिसला कॉल करणारा कोड. त्यांच्या पीडीएफमध्ये व्हिज्युअल स्टुडिओचे स्क्रीनशॉट आहेत, प्रोजेक्टवर राइट क्लिक करून सर्व्हिस रेफरन्स कसा जोडायचा याचे. तुमच्याकडे मात्र लिनक्सचा बिल्ड सर्व्हर आहे, नाहीतर ऑफिसचा असा लॅपटॉप, ज्यावर साधा फॉन्ट टाकायचा तरी आयटीकडे तिकीट काढावं लागतं. चार मेथडसाठी व्हिज्युअल स्टुडिओसारखा काही जीबींचा आयडीई उतरवायची गरज नाही. त्या राइट क्लिकमागे जे टूल चालतं, ते कमांड लाइनवर सुटंही मिळतं. डॉटनेटमध्ये ते डॉटनेट-एसव्हीसीयूटिल, जावात तेच काम डब्ल्यूएसइम्पोर्ट आणि सीएक्सएफ करतात.

जावावाल्यांनी आधी एक गोंधळ निस्तरायला हवा. जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट जेडीकेसोबतच येतं’ असं लिहिलेलं असतं (जेडीके म्हणजे जावाचं डेव्हलपमेंट किट). जावा ६ पासून १० पर्यंत ते खरं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून जेईपी ३२० या जावाच्या बदल-प्रस्तावाने ते काढून टाकलं. म्हणजे नवा जेडीके टाकून कमांड मारली की ‘सापडत नाही’ हेच उत्तर मिळणार. ते आता मेट्रो प्रकल्पाच्या झिपमधून घ्यायचं किंवा मेव्हन या बिल्ड टूलचं प्लगइन लावायचं. अपाचे सीएक्सएफचंही तसंच: झिप उतरवा, उलगडा, बिन फोल्डरमधलं डब्ल्यूएसडीएल-टू-जावा चालवा. जेडीकेसुद्धा झिपमध्ये मिळतो, त्यामुळे अ‍ॅडमिन पासवर्ड कुठेच लागत नाही.

जेडीके ८ शेजारी टाकून त्यातलं जुनं डब्ल्यूएसइम्पोर्ट चालवणारेही बरेच आहेत. चालतं, पण निघणारा कोड ‘जावाएक्स’ नावाच्या पॅकेजांवर उभा असतो. तुमचं अ‍ॅप्लिकेशन स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कवर असेल तर तिथे त्या पॅकेजांचं नाव ‘जकार्ता’ झालेलं आहे आणि दोन्हींचं जमत नाही. म्हणून टूल निवडण्याआधी आवृत्ती ठरवा. सीएक्सएफ ३ म्हणजे जावाएक्स. सीएक्सएफ ४ म्हणजे जकार्ता, आणि त्याला किमान जावा १७ लागतो. मेट्रोची २.३ ची मालिका जावाएक्सची, ३.० पासून पुढे जकार्ता. माझ्या पाहण्यात लोकांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, कारण कोड निघताना एकही चूक दिसत नाही. सगळी बोंब रनटाइमला होते.

डॉटनेटकडे जुनं एसव्हीसीयूटिल विंडोज एसडीकेमध्ये (डेव्हलपरच्या टूलांच्या संचात) येतं आणि फक्त विंडोजवर चालतं. नवं डॉटनेट-एसव्हीसीयूटिल हे ग्लोबल टूल आहे. डॉटनेट एसडीके असला की एका कमांडमध्ये बसतं, लिनक्स आणि मॅकवरही. एसडीकेची स्वतःची इन्स्टॉल स्क्रिप्ट तुमच्या होम फोल्डरमध्येच सगळं टाकते, म्हणजे इथेही तिकीट वाचलं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं तर लागणारी पॅकेजं प्रोजेक्ट फाइलमध्ये स्वतःच लिहितं. जावाकडे एवढे लाड होत नाहीत.

मात्र डॉटनेट-एसव्हीसीयूटिल फक्त क्लायंट देतं. त्याच डब्ल्यूएसडीएलवरून सर्व्हर उभा करायचा असेल, म्हणजे समोरचा तुम्हाला कॉल करणार असेल, तर मी सरळ सीएक्सएफकडे जातो. त्याच टूलला वेगळा पर्याय दिला की इम्प्लिमेंटेशनचा सांगाडा आणि चालवून बघायला छोटा सर्व्हरही मिळतो.

आता निघालेल्या कोडबद्दल. डब्ल्यूएसइम्पोर्ट आणि सीएक्सएफ दोन्ही जॅक्सबीवर (एक्सएमएल आणि जावा क्लास यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीवर) उभे असल्यामुळे क्लास जवळपास सारखेच दिसतात आणि त्रासही सारखाच देतात. साधी तारीख एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर होऊन येते. जे फील्ड ऐच्छिकही आहे आणि ‘निलेबल’ही (म्हणजे रिकामं पाठवलेलं चालतं), ते जॅक्सबीएलिमेंटच्या वेष्टनात येतं. दोन्हींवर उपाय बाइंडिंग फाइल, म्हणजे कोणता एक्सएमएल टाइप जावात कसा यावा हे टूलला सांगणारी फाइल. ती एकदा लिहून रिपॉझिटरीत ठेवा. निघालेला कोड हाताने दुरुस्त करू नका, पुढच्या वेळी जनरेट केलं की दुरुस्ती पुसली जाते.

डॉटनेटच्या कोडमध्ये तारीख सरळ डेटटाइम येते, पण खड्डा दुसरीकडे आहे. ऐच्छिक रकमेच्या फील्डशेजारी ‘स्पेसिफाइड’ शेपटी असलेलं एक बूलियन फील्ड तयार होतं. रक्कम भरली आणि ते ट्रू करायचं राहिलं, तर रक्कम एक्सएमएलमध्ये जातच नाही. एररही येत नाही. मी एकदा दोन दिवस समोरच्या टीमला ‘तुमचीच सर्व्हिस शून्य रक्कम धरते’ म्हणून मेल करत होतो. मग त्यांनी माझीच रिक्वेस्ट मला परत पाठवली.

जावातली माझी फजिती याहून जुनी. डब्ल्यूएसइम्पोर्टला डिस्कवरची फाइल दिली, तर सर्व्हिस क्लासमध्ये त्याच फाइलचा पूर्ण पाथ जसाच्या तसा उतरतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास, यूएटीवर (ग्राहकाच्या चाचणीच्या सर्व्हरवर) पहिल्याच कॉलला आपटलं, कारण तिथे माझं डाउनलोड्स फोल्डर कुठून असणार? डब्ल्यूएसडीएल जारमध्ये (जावाच्या पॅकेज फाइलमध्ये) घालून ‘डब्ल्यूएसडीएल-लोकेशन’ पर्यायाने तिथला पाथ द्या. डॉटनेट-एसव्हीसीयूटिलचा क्लायंट चालताना डब्ल्यूएसडीएल वाचतच नाही. त्यात फक्त एंडपॉइंटचा, म्हणजे सर्व्हिसचा, पत्ता कोरलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो टेस्टचा असतो. तो कॉन्फिगमधून बदलायची सोय आधीच करून ठेवा.

मेसेजवरच डिजिटल सही आणि एन्क्रिप्शन हवं असेल तर निवड जवळपास आपोआप होते. सीएक्सएफसोबत डब्ल्यूएसएस४जे ही मेसेज सुरक्षेची लायब्ररी येते आणि ती हे काम नीट करते. नव्या डॉटनेटच्या क्लायंट लायब्ररीत एचटीटीपीएसवर यूजरनेम-पासवर्डचा हेडर जमतो, पूर्ण मेसेज-पातळीची सुरक्षा जमत नाही. त्यामुळे बँक किंवा विमा कंपनीच्या जुन्या सर्व्हिसशी बोलायचं असेल तर डब्ल्यूएसडीएलमधला पॉलिसीचा (सुरक्षेच्या अटींचा) भाग आधी वाचा, मग भाषा ठरवा.

रात्री एकदा चालणारी स्क्रिप्ट लिहायची असेल तर कोड जनरेटच करू नका. पायथनमधलं झीप (ही एक सोप लायब्ररी आहे) स्क्रिप्ट चालतानाच डब्ल्यूएसडीएल वाचतं आणि मेथड समोर ठेवतं. कमांड लाइनवर नुसता डब्ल्यूएसडीएलचा पत्ता दिला तर सगळ्या मेथड आणि त्यांचे टाइप छापून देतं. प्रोजेक्ट जावाचा असला तरी ओळखपरेडसाठी मी आधी झीपच चालवतो.

नेहमी लागणारं, मोठ्या टीमचं जावा काम असेल तर माझं मत सीएक्सएफच्या मेव्हन प्लगइनला. झिपमधून हाताने कोड काढला की सहा महिन्यांनी तो कोणत्या आवृत्तीने, कोणते पर्याय देऊन काढला होता, हे कुणालाच आठवत नाही. प्लगइनमध्ये ते पोममध्येच (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये) लिहिलेलं राहतं. सिक्युरिटी नको, सर्व्हर नको, जार कमीत कमी हवेत, तर मेट्रोचं डब्ल्यूएसइम्पोर्ट हलकं पडतं. अ‍ॅक्सिस२ हे अपाचेचंच आणखी एक टूल मी नव्या कामात घेत नाही. त्याच्या डीफॉल्ट पद्धतीत सगळे टाइप एकाच अवाढव्य स्टब फाइलमध्ये कोंबले जातात, आणि तो कोड अ‍ॅक्सिस२ शिवाय दुसऱ्या कशावरही चालत नाही.

‘आरपीसी/एन्कोडेड’ या जुन्या शैलीतला डब्ल्यूएसडीएल हाती आला तर जावातली ही दोन्ही नवी टूलं तो घेत नाहीत. डब्ल्यूएसइम्पोर्ट तर तसं स्पष्ट छापतं. नेटवर यावर अ‍ॅक्सिस १.४ सुचवतात. ते २००६ चं आहे, आणि आज प्रॉडक्शनमध्ये घालण्यासारखं नाही. दोन-तीनच मेथड असतील तर सोपयूआय या टेस्टिंग टूलमधून रिक्वेस्टचा नमुना काढा, त्याचं टेम्प्लेट करा, व्हॅल्यू एस्केप करून (म्हणजे ‘<’, ‘&’ अशी चिन्हं एक्सएमएलला चालतील अशी बदलून) भरा आणि साध्या एचटीटीपी क्लायंटने पाठवा.