रेडिएशन-डी व्ही १.१ गायगर किट: कण मोजायला घ्या, डोस मोजायला नको

अणुविज्ञानाचा नाद असलेल्यांकडे हमखास सापडणारं, किरणोत्सार मोजणारं हे गायगर काउंटरचं बोर्ड. पाटीवर ‘रेडिएशन-डी व्ही १.१’ छापलेलं, काचेची जे-३०५ नळी दोन फ्यूज क्लिपांत बसवलेली, वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण, शिवाय एक बझर, एक एलईडी, व्होल्टेज कमी-जास्त करायचा एक ट्रिमपॉट आणि जोडणीच्या तीन पिना. रेडीमेड मीटरपेक्षा खूपच स्वस्त. एकेक कण मोजायचं काम ते मनापासून करतं. पण स्क्रीनवर मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) बघून ‘आपण सुरक्षित आहोत’ असं ठरवायचं असेल, तर हे तुमच्यासाठी नाही.

आतलं गणित सरळ आहे. ५५५ टायमर ५ व्होल्टवरून सुमारे ४०० व्होल्ट उभे करतो आणि ते एका मोठ्या रेझिस्टरमधून नळीच्या मधल्या तारेला मिळतात. किरणोत्सारातला बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन) किंवा गॅमा (एक्स-रेसारखा किरण) आत शिरला की वायूत क्षणभर वीज वाहते, हॅलोजन ती विझवतं आणि बोर्ड एक पल्स देतं. अल्फा कणांचा विषयच सोडा, ते काच ओलांडत नाहीत. नळी उलटी बसवू नका: मधली तार ज्या टोकाला जोडलेली दिसते तो अ‍ॅनोड, आणि बोर्डावर त्याची खूण आहे. क्लिपा घट्ट असतील तर आधी हाताने थोड्या उघडा. नळीच्या टोकांना थेट सोल्डर तर अजिबात लावू नका. उष्णतेने काचेचं सील जातं आणि नळी कायमची मुकी होते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पिनांच्या नावात. ग्राउंड आणि ५ व्होल्ट ठीक, पण तिसऱ्या पिनेवर ‘व्हीआयएन’ लिहिलंय. ते इनपुट नाही, पल्सचं आउटपुट आहे. तिथे सप्लाय जोडू नका. एरवी ही पिन हाय असते आणि प्रत्येक कणाला लो होते. म्हणून आर्डुइनो उनोवर (मोजणीसाठीचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ती डी-२ ला जोडून इंटरप्ट, म्हणजे पल्स येताच हातातलं काम थांबवून धावणारं फंक्शन, ‘फॉलिंग’वर (हाय ते लो होताना) ठेवायचा. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये फक्त काउंटर एकने वाढवा, तिथे सीरियल प्रिंट टाकू नका. काउंटर ‘व्होलाटाइल’ हवा, आणि मिनिटाच्या शेवटी तो वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. उनो आठ बिटांचा आहे, मोठी संख्या तो दोन-चार टप्प्यांत वाचतो. नेमकी त्याच वेळी पल्स आली तर मधूनच एखादा वेडावाकडा आकडा दिसतो आणि माणूस उगाच नळीला दोष देत बसतो. उनोऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी-३२ बोर्ड वापरणार असाल तर आधी या पिनेचा व्होल्टेज मोजा. ३.३ च्या वर भरला तर वर १० किलोओहम आणि खाली २० किलोओहम असा व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर टाका.

उन्हात बोर्ड ठेवलं की आकडा चढतो. हा किरणोत्सार नव्हे. नळी पारदर्शक आहे आणि उजेडामुळे तिच्यात खोट्या पल्स तयार होतात. सोबतचं अ‍ॅक्रिलिक झाकणही पारदर्शक, त्यामुळे त्याचा इथे काही उपयोग नाही. अपारदर्शक डबा किंवा काळ्या कागदाची गुंडाळी पुरते. जाड टेप मात्र टाळा, तिच्यात कमी ऊर्जेचे बीटा अडकतात.

हाय व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजायला गेलात तर आकडा हटकून कमी दिसेल. मीटरचा रोध १० मेगाओहम, आणि या नाजूक सप्लायला तेवढा भारही पेलत नाही. मग लोक ट्रिमपॉट पिळतात आणि नळीवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जातो. १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून प्रोब करा आणि वाचनाला १०१ ने गुणा. ४०० व्होल्टला मीटर ३.९६ दाखवेल. प्रोब नसेल तर प्लॅटो शोधा. नळीशेजारी एकच स्रोत न हलवता ठेवायचा, ट्रिमपॉट थोडा फिरवायचा, दहा मिनिटं मोजायचं, परत फिरवायचा. ज्या पट्ट्यात व्होल्टेज वाढवूनही काउंट फारसा बदलत नाही त्याच्या मध्यावर थांबा. वीज चालू असताना क्लिपांना हात लावू नका. ऊर्जा थोडी असली तरी झटका चांगला बसतो, आणि दचकून नळी फुटते ती वेगळीच.

चार्जर स्वस्तातला असेल तर त्याचा विजेचा गोंगाट पल्स म्हणून मोजला जाऊ शकतो. पॉवरबँक बरी, पण बोर्डाला जेमतेम ३० मिलिअँपिअर लागतात आणि पुष्कळ पॉवरबँका एवढ्या कमी भाराला ‘काही जोडलेलंच नाही’ समजून बंद होतात. रात्रभर मोजायला लावण्यापूर्वी हे तपासा. कोकणात, किंवा पावसाळ्यात कुठेही, बोर्डावर राहिलेलं फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट राळ) ओल धरतं आणि ४०० व्होल्ट त्यातून झिरपतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड साफ करा, पूर्ण वाळू द्या, मग हाय व्होल्टेजच्या भागावर अ‍ॅक्रिलिक लॅकर मारा. क्लिपा आणि काचेवर लॅकर नको. क्लिपा, रेझिस्टर, लॅकर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतं.

आता आकड्यांकडे. काही नसताना ही नळी मिनिटाला साधारण २० ते ३० मोजते. किरणोत्सारी विघटन कधी होईल याला नेम नाही, म्हणून एका मिनिटाला २५ आले तर पुढच्या मिनिटाला १९ किंवा ३२ येणं अगदी साहजिक आहे. अनिश्चितता म्हणजे एकूण काउंटचं वर्गमूळ. २५ ला ती ५, म्हणजे वीस टक्के. दहा मिनिटांत २५० झाले की सुमारे १६, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. एका मिनिटाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं सोडा. निम्मे घोळ तिथेच संपतात.

चाचणीसाठी स्रोत शोधत फिरायची गरज नाही, कृषी सेवा केंद्रात जा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ६० टक्के के-टू-ओ (पोटॅशियम ऑक्साइड, खताच्या पिशवीवरचं माप) असलेल्या खतात निम्म्याला निम्मं पोटॅशियम असतं, आणि नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात. किलोभर खतात ती झाली सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास. त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० चे बहुतेक बीटा १.३१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे, त्यातले जोरकस बीटा काच पार करतात. खत पातळ पिशवीत भरून नळीच्या अंगाला लावा आणि अर्धा तास मोजा. आधी अर्धा तास रिकामं मोजलेलं असू द्या. समजा रिकामे ७५० आले आणि खताचे १०००. फरक २५०, त्याची अनिश्चितता १७५० चं वर्गमूळ, म्हणजे ४२. फरक अनिश्चिततेच्या सहापट आहे, तेव्हा तो खरा. मध्ये दोन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सरकवला की बीटा अडतात आणि वाढ जवळजवळ नाहीशी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवायला याहून स्वच्छ प्रयोग मला सुचत नाही.

लाल टोकाच्या टिग वेल्डिंगच्या टंगस्टन काड्यांत दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, त्यांवर बझर आणखी जोरात वाजतो. त्या घासू नका, धूळ फुप्फुसात जाते. गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलमध्येही थोरियम सापडतं. मेंटल पिशवीतच राहू दे, मेंटलचा चुरा उडतो. काळ्या बेसाल्टवर फारसं काही दिसणार नाही, दख्खनच्या या दगडात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही कमी. ओट्याचा ग्रॅनाइट त्याहून बरा, पण तिथेही अर्धा-अर्धा तास द्यावाच लागतो. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू मात्र उचलून आणू नका, त्या द्रव्यावर कायद्याचं नियंत्रण आहे.

डोसचं सांगायचं तर मिनिटाच्या काउंटचे (सीपीएम) तासाला मायक्रोसीव्हर्ट करायला कोडमध्ये कुणी १५१ ने भागतं, कुणी ०.००८१२ ने गुणतं. ३० सीपीएमला पहिल्याने ०.२० येतात, दुसऱ्याने ०.२४. नळी तीच, खोली तीच! हे गुणक ठरावीक ऊर्जेच्या गॅमासाठी असतात. कमी ऊर्जेच्या गॅमाला ही नळी प्रमाणाबाहेर दाद देते, आणि खताच्या बीटांना तो गुणक लावण्यात अर्थच नाही. उलट, किरणोत्सार फार तीव्र असेल तर पल्स एकमेकींवर चढतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे नेमका नको तिथे कमी. तारापूरच्या आसपास राहणाऱ्यांनी धोक्याची घंटा म्हणून हे घेऊ नये. म्हणून डिस्प्लेवर फक्त सीपीएम ठेवा.

पुढे सुधारणा करायची तर सोव्हिएत बनावटीची एसबीएम-२० नळी घ्या. तीही ४०० व्होल्टचीच, १०८ मिलिमीटर लांब, पातळ पोलादाची, त्यामुळे उजेडाचा त्रास नाही. जे-३०५ मात्र १०७ आणि ९० अशा दोन लांबींत येते, तेव्हा क्लिपांमधलं अंतर आधी मोजून घ्या. अल्फा बघायचे असतील तर अभ्रकाच्या खिडकीची नळी लागते आणि तिची किंमत या अख्ख्या किटच्या कितीतरी पट असते.