चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, ‘फ्रेश’ इंजिन आणि बिनलेबलचं इंधन

जुन्या नायट्रो गाडीच्या (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या रिमोट-कंट्रोल गाडीच्या) जाहिरातीत तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हात आखडता घ्या: ‘इंजिन फ्रेश आहे, नुकतंच रन-इन केलंय’ हा दावा, दोरी ओढताक्षणी सुरू होणाऱ्या इंजिनाचा छोटासा व्हिडिओ, आणि ‘दोन लिटर इंधन फुकट’. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने अशीच एक १/८ मापाची बग्गी घेतली. इंजिन एकवीसच्या वर्गातलं, म्हणजे साधारण साडेतीन सीसीचं. पैसे यूपीआयने आगाऊ गेले. गाडी कुरिअरने आली आणि इंधन खासगी बसच्या पार्सलमधून, कॅनवर ‘क्लीनर’ अशी चिठ्ठी लावून. घरी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, काही मिनिटांत बंद पडलं आणि गरम असेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचं नावच घेईना. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘तुम्हाला नीडल लावता येत नाही, माझ्याकडे तर मस्त चालत होतं.’ (नीडल म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू.) त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

इंजिन उघडल्यावर नीडलचा काहीच दोष नव्हता हे दिसलं. ग्लो प्लग (इंधन पेटवणाऱ्या तारेचा प्लग) काढून फ्लायव्हील बोटाने फिरवलं तर पिस्टन स्लीव्हच्या, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्या, अगदी वरच्या टोकापर्यंत अडथळ्याविना सरकत होता. एक्झॉस्टच्या खिडकीच्या वर क्रोमचा थर गेलेला आणि खालचं पिवळं पितळ उघडं पडलेलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, म्हणजे एअर फिल्टरमधून धूळ आत गेलेली. बाहेरून मात्र हेड चकचकीत पॉलिश केलेलं आणि प्लग कोरा करकरीत.

असं इंजिन व्हिडिओत इतकं झकास कसं चालतं, ते समजून घ्या. या इंजिनांत पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि स्लीव्ह आतून क्रोम चढवलेली पितळेची. पिस्टन-रिंग नसते. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला घट्ट बसतो. यालाच आपण पिंच म्हणतो. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं, स्लीव्ह वर मोकळी होते आणि दोघांचं माप बरोबर जुळतं. जुन्या, झिजलेल्या इंजिनात थंडपणीच माप जुळलेलं असतं. म्हणून ते थंड असताना सहज सुरू होतं, उलट नव्या इंजिनापेक्षा सोपं. तापल्यावर मात्र फट वाढते, कॉम्प्रेशन निसटतं आणि गाडी हळू चालवताना किंवा आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता उभी असताना, बंद पडते. त्यामुळे थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही. नव्या इंजिनाचं लक्षण बरोब्बर उलटं: दोरी ओढताना वरच्या टोकाला अडकतं, कधी चिरकतं, आणि हेअर ड्रायरने ६०-७० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय धड फिरतही नाही. ‘फ्रेश’ म्हणून विकलेलं इंजिन थंड असताना लोण्यासारखं फिरत असेल तर तिथेच थांबा.

यावर विकणारे आणखी एक चाल खेळतात. प्लगच्या भोकातून जाडसर तेलाचे दोन-चार थेंब सोडतात. तेल फट भरून काढतं आणि दोरीला मस्त जड कॉम्प्रेशन लागतं. म्हणून गाडी समोर ठेवून पाहताना आधी प्लग काढायला सांगा. भोकावर फडकं धरून दोरी पाच-सहा वेळा ओढा, आत इंधनाचे चार थेंब टाकून परत ओढा, सगळं बाहेर येऊ द्या, मग प्लग लावून कॉम्प्रेशन बघा. काढलेल्या प्लगची तारही बघून घ्या. चकचकीत आणि ओलसर असेल तर ठीक. राखाडी, निस्तेज असेल तर इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालवलेलं आहे. तार दबलेली किंवा तिला धातूचे कण चिकटलेले असतील तर आत काहीतरी झिजून सुटतंय. प्लग कोरा असेल तर जुना मागा. ज्याने खरोखर गाडी चालवली आहे, त्याच्या डब्यात एक-दोन जुने प्लग असतातच.

मग इंजिन सुरू करा आणि पूर्ण टाकी संपवा. पूर्ण टाकी म्हणजे पूर्ण, दोन फेऱ्या नव्हे. हेडवर प्लगजवळ तापमान साधारण ९५ ते १३० अंशांत यायला हवं. इन्फ्रारेड थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तो तीन ते पाच सेकंदांत उकळून उडाला पाहिजे. तसाच बसून राहिला तर इंजिन इतकं रिच (जादा इंधनावर) ठेवलंय की त्याची खरी अवस्था कळूच नये. टाकी संपत आली की थ्रॉटल सोडून कान द्या. आयडल लगेच खाली यायला हवा. वर अडकून राहून सावकाश उतरत असेल तर लो-स्पीड नीडल (कमी वेगातल्या इंधनाचा स्क्रू) लीन आहे किंवा हवा गळतेय, बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या बुडाशी, बॅकप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या झाकणाच्या) कडेने किंवा पुढच्या बेअरिंगमधून. बॅकप्लेटभोवती सिलिकॉन दिसलं म्हणून लगेच संशय घेऊ नका, काळजी घेणारे लोकही ते लावतात. शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: इंजिन बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि गरम असतानाच पुन्हा सुरू करायला सांगा. झिजलेलं इंजिन इथे पकडलं जातंच. ‘आत्ता गरम आहे, थोडं थांबू या’ असं विकणारा म्हणाला की उत्तर मिळालं.

बंद करतानाही एक खूण मिळते. इंधनाची नळी चिमटून धरली तर नीट लावलेलं इंजिन दोन-तीन सेकंद चालून, आवाज जरा वाढून बंद होतं. चिमटताच गप झालं तर लो-स्पीड नीडल लीन आहे, बराच वेळ चालत राहिलं तर रिच. बंद करायला नळी चिमटा किंवा सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने दाबा. फिरत्या फ्लायव्हीलला बोट लावून बंद करणारा विक्रेता दिसला तर त्याची गाडीही तशीच हाताळलेली असणार.

आता इंधन. इथे नुसते पैसे जात नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

ग्लो इंजिनाच्या इंधनात तीन पदार्थ असतात: मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. गाड्यांसाठी नायट्रो सहसा १६ ते २५ टक्के, तेल ८ ते १६ टक्के आणि बाकी मेथॅनॉल. तेलात एरंडेल किंवा सिंथेटिक, बहुधा दोन्हींचं मिश्रण. नायट्रोमिथेन महाग, म्हणून भेसळ तिथेच होते: २० टक्के लिहायचं आणि पाच टाकायचं, किंवा अजिबात टाकायचं नाही. काही जण तेलही वाचवतात, आणि ते तर इंजिनाचं मरण. टू-स्ट्रोकला वंगण फक्त इंधनातूनच मिळतं. तेल कमी पडलं की कनेक्टिंग रॉडचं बुश आधी जातं, मग पिस्टन-स्लीव्ह.

भेसळ घरच्या वजनकाट्यावर पकडता येते. मेथॅनॉल हलकं, मिलिलिटरला सुमारे ०.७९ ग्रॅम. नायट्रोमिथेन जड, १.१४ च्या आसपास. तेल ०.९६ ते १. त्यामुळे २० टक्के नायट्रो आणि १२ टक्के तेल असलेलं ५०० मिली इंधन आपल्याकडच्या हवेत ४३५ ते ४४० ग्रॅम भरतं. नायट्रो अजिबात नसेल आणि तेल तेवढंच असेल तर ते ४०० ते ४०६ वर थांबतं. फरक तीस ग्रॅमच्या वर, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यालाही कळणारा. माप मोजायला मोजपात्र घ्या, बाटलीवरच्या रेषांवर भरवसा ठेवू नका, आणि रिकाम्या मोजपात्राचं वजन आधी वजा करा. तेल २० टक्के घालून वजन वाढवायचा प्रयत्न केला तरी आकडा ४१० च्या आसपासच राहतो. पाणी घातलं तर मात्र वजन फसवू शकतं. पण एरंडेल असलेल्या मिश्रणात पाणी जाताच ते गढूळ होतं, म्हणून काचेच्या बाटलीत उजेडासमोर धरून बघा.

तेलाची तपासणी वेगळी करावी लागते. कोरड्या हवेच्या दिवशी, घराबाहेर, सावलीत, मुलं-जनावरं पोहोचणार नाहीत अशा जागी पसरट काचेच्या ताटलीत २० मिली इंधन ठेवा. जवळ विडी-काडी, दिवा, चूल काही नको. दुसऱ्या दिवशी मेथॅनॉल आणि नायट्रो उडालेलं असतं, उरतं ते तेल. १२ टक्क्यांचं असेल तर साधारण २.३ ग्रॅम उरायला हवं. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. लवकर व्हावं म्हणून तापवू नका. मेथॅनॉलचा फ्लॅश पॉइंट ११ अंश आहे, म्हणजे महाराष्ट्रात बाराही महिने त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. ती ताटली नंतर खाण्यासाठी वापरायची नाही.

त्या तरुणाच्या कॅनमधलं इंधन ५०० मिलीला ४०५ ग्रॅम भरलं. कॅनवर मार्करने ‘२५%’ लिहिलेलं होतं.

बिनलेबलचं इंधन घ्यायचं नाही यामागे इंजिनापेक्षा मोठं कारण आहे. मेथॅनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मेथॅनॉलमुळेच. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. ‘क्लीनर’ लिहिलेला किंवा पाण्याच्या बाटलीत भरलेला कॅन घरात असणं म्हणजे कुणीतरी चुकून तोंडाला लावण्याची वाट बघणं. आणि प्रवाशांनी भरलेल्या बसच्या डिकीतून हे खोट्या नावाने पाठवणारा माणूस त्या सगळ्यांचा जीव पणाला लावतो. कुणी असं पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. इंधन पोटात गेल्याचा संशय आला तर त्रास व्हायची वाट बघू नका. लक्षणं कित्येकदा बारा-चोवीस तासांनी दिसतात, तोवर फार उशीर झालेला असतो. थेट मोठ्या रुग्णालयात जा, ‘मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेन’ ही नावं कागदावर लिहून द्या. नायट्रोमिथेनमुळे रक्तातल्या क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाची अवस्था सांगणारा) आकडा काही तपासण्यांत खोटाच वाढलेला दिसतो. डॉक्टरांना हे माहीत असलेलं बरं.

‘इंधन नसेल तर पेट्रोल आणि टू-टी टाका, चालते’ असं सांगणारे विक्रेतेही आहेत. आपल्याकडे या गाड्यांना सरसकट पेट्रोल कार म्हणतात, त्याचा हे लोक फायदा घेतात. चालत नाही. प्लगच्या तारेतल्या प्लॅटिनमवर मेथॅनॉलच्या वाफेची प्रक्रिया होते म्हणून प्लग तापवणारी बॅटरी (इग्नायटर) काढल्यावरही तार लाल राहते. पेट्रोलने ते होत नाही. शिवाय टाकीची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगून निसटते आणि गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडतं.

जुनी गाडी घरी आणल्यावर पहिल्यांदा सुरू करण्याआधी थ्रॉटल सर्व्होकडे (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरकडे) बघा. विक्रीसाठी स्वच्छ केलेल्या गाड्यांत कार्बोरेटरची परतीची स्प्रिंग बऱ्याचदा गायब असते. चाकं जमिनीपासून वर ठेवा, रिमोट बंद करा आणि सर्व्हो ब्रेककडे जातो का ते इंजिन बंद असताना तपासा. जात नसेल तर फेलसेफ (सिग्नल तुटताच ब्रेक लावणारी सोय) लावल्याशिवाय गाडी खाली ठेवू नका. १/८ बग्गी तीन-साडेतीन किलोची असते, ती माणसाच्या नडगीवर आदळली तर हाड मोडतं. दोरी अचानक अडकली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं, जोराने ओढलं तर दोरी तुटते नाहीतर रॉड वाकतो. प्लग काढा, गाडी उलटी करा, तोंड लांब ठेवून दोरी ओढा आणि इंधन बाहेर पडू द्या. त्या वेळी इग्नायटर जवळ नको.

पैशांचं सांगायचं तर आगाऊ काही देऊ नका. गाडी बघायला जाणं शक्य नसेल तर सलग, न कापलेला व्हिडिओ कॉल मागा: थंड सुरुवात, पूर्ण टाकी, गरम असताना पुन्हा सुरुवात, आणि शेवटी प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवणं. ज्याची गाडी खरी आहे त्याला यात अर्धा तास जातो. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. दुकानदाराकडून घेतली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीसोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘फ्रेश’ हा शब्द असलेला संवाद, व्यवहाराचा क्रमांक, स्लीव्हचा पिवळं पितळ दिसणारा जवळून काढलेला फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या इंधनाचा फोटो जोडा. इंजिन उघडण्याआधी आणि उघडताना व्हिडिओ काढा, नाहीतर ‘तुम्हीच बिघडवलं’ हे ऐकावं लागतं. संशयास्पद इंधन गटारात ओतू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मूळ कॅनवर ‘विष – मेथॅनॉल’ असं ठळक लिहून, झाकण घट्ट लावून, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत कुलपात ठेवा.