डेढ इश्किया: दुसरा भाग असावा तर असा

कॉमेडी पिक्चरचा दुसरा भाग म्हटलं की काय मिळणार हे आपल्याला आता पाठ झालंय. तीच माणसं, तेच डायलॉग, पहिल्या भागात जो जोक चालला तोच परत तीन वेळा, आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळं गाव एकमेकांच्या मागे धावतंय. ह्याला कंटाळून लोकांनी सिक्वेलवर फुली मारली असेल तर त्यांची काही चूक नाही. पण त्या फुलीत एक फार गोड पिक्चर पण गेला, तो म्हणजे 'डेढ इश्किया', अभिषेक चौबेचा, १० जानेवारी २०१४ ला आलेला. त्याच शुक्रवारी 'यारियां' पण लागला होता, गर्दी सगळी तिकडे गेली आणि हा बिचारा बघता बघता थेटरातून उतरला. आम्ही पुण्यात रविवारच्या शोला गेलो होतो तर हॉलमध्ये मोजून वीसेक माणसं असतील. मी तेव्हापासून हा पिक्चर सहा-सात वेळा तरी बघितलाय आणि ज्याला त्याला सांगत सुटते की बघा, एकदा बघाच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

पहिला 'इश्किया' २०१० चा, तो बऱ्याच जणांनी बघितलाय, नसला तरी 'दिल तो बच्चा है जी' माहीत असतंच. नसीरुद्दीन शाह म्हणजे खालूजान आणि अर्शद वारसी म्हणजे बब्बन, दोघं भुरटे चोर, गोरखपूरकडे विद्या बालनच्या घरी जाऊन अडकतात. तो पिक्चर मातीतला होता, शिव्या, बंदुका, घाम, धूळ. आता साधारण दिग्दर्शक असता तर दुसऱ्या भागात दुप्पट शिव्या आणि दुप्पट बंदुका घातल्या असत्या. चौबेने काय केलं तर माणसं तीच ठेवली आणि त्यांना उचलून अशा जागी नेऊन टाकलं जिथे त्यांचं शिवी देणंच बंद व्हावं, म्हणजे नवाबांच्या हवेलीत, मुशायऱ्यात, शायरांच्या मैफलीत. विनोदाची जातच बदलली. मला ह्या पिक्चरबद्दल जे सांगायचंय ते मुख्य हेच आहे.

गोष्ट अशी की दोघं मिळून एक हार चोरतात, खालूजान तो घेऊन पसार होतो, बब्बन मागे राहतो आणि पहिल्या भागातल्या त्याच मुश्ताकभाईच्या तावडीत सापडतो. तिथून कसाबसा सुटून तो खालूला शोधत निघतो, तर हे महाशय चांदपूरचे नवाब बनून, शेरवानी घालून बेगम पाराच्या हवेलीत बसलेत. बेगम पारा म्हणजे आपली माधुरी. नवाबसाहेब वारलेत, मरताना त्यांनी सांगून ठेवलंय की पुढचा नवरा शायरच हवा, म्हणून बेगमने मुशायरा भरवलाय आणि जो जिंकेल त्याच्याशी ती निकाह लावणार. पलीकडून जान मोहम्मद म्हणजे विजय राज. गुंड आहे, राजकारणात आहे, पैसा आहे, माणसं आहेत, त्याला फक्त नवाब व्हायचंय आणि त्यासाठी शायर व्हावं लागणार.

आता शेर तर येत नाही, मग करायचं काय, तर ह्याने एक शायरच पळवून आणलाय! मनोज पाहवाने केलेला नूर मोहम्मद इटालवी. त्याला कोंडून ठेवायचं, त्याने लिहायचं आणि ह्याने मुशायऱ्यात आपलं म्हणून वाचायचं. ह्यातली गंमत पूर्ण कळायला मुशायरा कसा चालतो ते थोडं माहीत पाहिजे. शायर पहिली ओळ म्हणतो, समोरचे ती उचलून परत म्हणतात, तो तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि तोपर्यंत ऐकणाऱ्यांच्या डोक्यात काफिया म्हणजे यमक घोळायला लागलेला असतो, मग दुसरी ओळ येते आणि अख्खी बैठक एकदम उसळते. आपल्याकडे मराठी गझलचे मुशायरे होतात तिथे ज्यांनी मांडी घातलीये त्यांना हा अनुभव असेल, माझे बाबा त्यातलेच. तिथे उधारीचा शेर म्हणजे सगळ्यात मोठी चोरी. जान मोहम्मदला घर, जमीन, माणूस, काहीही उचलून आणता येतं, पण शेर असा उचलून आणता येत नाही, आणि विजय राज हे सगळं नुसत्या चेहऱ्यावर दाखवतो. दाद मिळाली की त्याच्या डोळ्यात जो आनंद येतो ना तो खरा असतो, त्याला खरंच शायर व्हायचं असतं, आणि मग तुम्हाला त्या गुंडाची दया येते. व्हिलनची एवढी दया मला क्वचितच आलीये.

आणि मुशायरा खोटा वाटत नाही ह्याचं कारण तो बऱ्यापैकी खराच आहे. बशीर बद्र यांची शायरी वापरलीये, आणि सूत्रसंचालनाला अन्वर जलालपुरी, ज्यांनी आयुष्यभर खऱ्या मुशायऱ्यांचं सूत्रसंचालन केलं. लखनौजवळच्या महमूदाबादच्या किल्ल्यात शूटिंग झालंय, त्या भिंतींवरचा उडालेला रंग, उंच दरवाजे, मोठमोठ्या खोल्यांमधला मिणमिणता उजेड, सेट लावून असलं येत नाही.

एक सीन मी कितीदा मागे घेऊन बघितलाय त्याची मोजदाद नाही. दोन्ही बाजूंनी बंदुका निघतात, सगळ्यांनी एकमेकांवर रोखलेल्या. नेहमीच्या पिक्चरमध्ये इथे गोळीबार सुरू होतो. इथे कोणी चालवतच नाही. वेळ जात राहते. हाताला रग लागते, बंदूक जड व्हायला लागते, दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागतं, तरी खाली कोणीच घेत नाही कारण आधी कोण घेणार. आणि हे लखनवी वळणाचे लोक, त्यामुळे तिथे पण 'पहले आप'. हसू येतं ते डायलॉगमुळे येत नाही, त्या थरथरणाऱ्या दंडांकडे बघून येतं. तहजीब, म्हणजे अदब, नावाची गोष्ट माणसाला मरणाच्या दारात पण सोडत नाही, ही एकच कल्पना घेऊन ती शांतपणे, अजिबात घाई न करता, शेवटपर्यंत नेलीये. पहिल्या भागातल्या बंदुका इथे पण आहेत, फक्त त्यांचं काम बदललंय.

माधुरीबद्दल लिहायला बसले तर हे संपायचंच नाही. २००७ च्या 'आजा नचले' नंतरचा हा तिचा पहिला मोठा रोल, मधली बरीच वर्षं ती अमेरिकेत होती. आमच्या आईची पिढी तिला 'एक दोन तीन' पासून ओळखते आणि परत आल्यावर तिने तसंच काहीतरी करावं अशी सगळ्यांची अपेक्षा. तिने केलं काय तर एक थकलेली, एकटी, औषधं घेणारी बेगम, जिचे पाय नाचणं विसरले नाहीत पण जिने नाच मात्र बंद करून टाकलाय. 'हमरी अटरिया पे' ही मूळ बेगम अख्तर यांनी गाजवलेली चीज, इथे रेखा भारद्वाजच्या आवाजात आहे, आणि माधुरीचा जो नाच आहे त्यात दाखवेगिरी एवढीशी पण नाही. एकटीच आहे, कोणासाठी नाचत नाहीये. आई शेजारी बसली होती, गाणं चालू असताना तिने माझा हात जो धरला तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

हुमा कुरेशीची मुनिया, बेगमची सोबतीण, माधुरीच्या तोडीस तोड आहे. बब्बन तिच्यापुढे फुशारक्या मारतो आणि ती त्याला दोन वाक्यात जमिनीवर आणते. खालूजान त्याला प्रेमाच्या सात पायऱ्या समजावतो, दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि शेवटी मौत, आणि बब्बनचा चेहरा त्या वेळी बघाच, पहिल्या दोन पायऱ्यांतच त्याचा श्वास अडकलेला असतो. अर्शद वारसीला लोक सर्किट म्हणूनच लक्षात ठेवतात, पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात चांगलं काम ह्या दोन पिक्चरमध्ये आहे.

बेगम आणि मुनियाचं नातं काय ते पिक्चर तोंडाने कधीच सांगत नाही. थंडीने कुडकुडणारा बब्बन असतो, खालूजान त्याला लिहाफ म्हणजे रजई मागून घे म्हणतो, आणि तिकडे भिंतीवर दोघींच्या सावल्या. बस, एवढंच. ज्यांनी इस्मत चुगताई यांची १९४२ ची 'लिहाफ' ही दोन बायकांमधल्या जवळिकीवरची कथा वाचलीये त्यांना त्या एका शब्दात सगळं कळतं, ज्यांनी नाही वाचली त्यांना रजईचा साधा विनोद वाटतो आणि पिक्चर पुढे जातो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला पण कळलं नव्हतं. नंतर कथा वाचली, मग परत बघितला आणि अंगावर काटा आला, कारण त्यानंतर मागचे सगळेच सीन वेगळे दिसायला लागतात, बेगमचं थकणं, नाच सोडणं, मुशायरा भरवणं पण.

आता जे खटकतं ते. इंटरव्हलनंतर कटकारस्थान जरा जास्तच गुंतवलंय, कोण कोणाला पळवतंय आणि का, हे समजेपर्यंत पुढचा सीन आलेला असतो. शेवटची हाणामारी मला आवडत नाही, इतक्या नाजूक पिक्चरला गोळीबाराने संपवायची गरज नव्हती. अडीच तासांतली पंधरा मिनिटं आरामात कापता आली असती. आणि प्रमोशनला हनी सिंगचं 'हॉर्न ओके प्लीज' वाजवलं, ते ऐकून जे आले असतील त्यांना आत मुशायरा बघून फसवल्यासारखं वाटलं असणार, आणि ज्यांना मुशायरा आवडला असता ते गाणं ऐकून आलेच नसतील. मला तरी वाटतं पिक्चर पडायला हे मोठं कारण झालं.

उर्दूला घाबरू नका. आपल्या मराठीत इनाम, मजकूर, जाहीर, तारीख, शिफारस, किती शब्द तिकडचेच आहेत, पाव शब्द तरी ओळखीचे निघतात. सबटायटल चालू ठेवा, मोबाईल बाजूला ठेवा, आणि 'इश्किया' बघितला नसेल तरी चालेल, काही अडत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या गोळीबाराचा कापलाय.

बाबांनी परवा परत लावला होता. इटालवी शेर सांगतो आणि जान मोहम्मद तोंडातल्या तोंडात तो घोकत बसतो तिथे थांबवून म्हणाले, "हा माणूस वाईट नाहीये गं, ह्याला लहानपणी कोणी मुशायऱ्याला नेलं नाही." मग परत सुरू केला.