पॅरिस: पाकीटमारांपासून वाचलो, वेटरने गाठलं

पॅरिसला निघालेल्याला जो तो पाकीटमारांची भीती घालतो. ती खोटी नाही. नोत्र-दाम या प्रसिद्ध चर्चसमोरच्या चौकात सह्या गोळा करायचं पॅड हातात घेतलेल्या मुली 'स्पीक इंग्लिश?' करत येतात. आपण सही करायला वाकलो की एक देणगी मागते आणि दुसरी पर्स चाचपते. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी मनगटात दोरा बांधून पैसे उकळणारे उभे असतात. हात खिशात ठेवून, न थांबता पुढे गेलं की दोघांपासूनही सुटका होते. आम्हाला गंडवलं ते मात्र पांढरा शर्ट घातलेल्या, हसऱ्या वेटरने.

सकाळ छान गेली होती. सँत-शापेल या चर्चच्या रंगीत काचांखाली आई मान वर करून बसली ती उठेचना. १२४८ सालची ही वास्तू घाईने उरकायची नाहीच. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र-दामही निवांत पाहिलं. (तिथे आत जायला पैसे लागत नाहीत. बाहेर कोणी तिकीट विकत असेल तर तो भामटाच.) मग नदी ओलांडून लॅटिन क्वार्टरच्या गल्ल्यांत जेवायला शिरलो.

एका हॉटेलच्या दारातल्या फळ्यावर दुपारचं 'फॉर्म्युल' लिहिलं होतं: दोन पदार्थ, ठरावीक भाव. आत बसल्यावर हातात आलं इंग्रजी मेनूकार्ड, त्यात फॉर्म्युलचा पत्ताच नाही. विचारलं तर म्हणे, संपलं. शेजारच्या फ्रेंच टेबलावर तेच वाढत होते. आईला गोळी घ्यायची होती म्हणून पाणी मागितलं. 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' असं विचारून त्याने बाटलीचं बूच उघडलंसुद्धा. बाटली सात युरोंची. शेजारी मात्र काचेच्या सुरईत नळाचं पाणी, फुकट. फ्रान्समध्ये हॉटेलवाल्याला साधं पाणी फुकट द्यावंच लागतं. 'कॅराफ दो' एवढं म्हटलं की झालं. शाकाहारी असाल तर आणखी एक: तिथल्या कांद्याच्या सूपमध्ये बहुतेकदा गोमांस उकळून काढलेलं पाणी (स्टॉक) असतं. आम्ही विचारलं म्हणून वाचलो.

खरा हात मारला तो बिलाच्या वेळी. बिल ८४ युरो. 'सर्व्हिस नॉट इन्क्लुडेड' म्हणत त्याने कार्डाचं मशीन पुढे केलं. पडद्यावर टिपेचे आकडे, १०, १५, २० टक्के, आणि त्याचं बोट पंधरावर. ते दाबून झाल्यावर मशीनने रुपये की युरो विचारलं, तर त्याने परस्पर रुपये निवडले. मशीनचा रुपयांचा दर बँकेच्या दरापेक्षा बराच महाग पडतो. भारतीय कार्ड तिथे कुठेही वापरताना युरोच निवडा आणि मशीन स्वतःच्या हातात घ्या.

पावती सावकाश वाचली तर खाली बारीक अक्षरांत 'सर्व्हिस कोंप्री', म्हणजे सेवाशुल्क भावातच धरलेलं. तसं ते धरूनच भाव लावायचा, असा तिथला कायदा आहे. वर काही ठेवायचं तर ती आपली खुशी. त्या ओळीवर बोट ठेवून १२ युरो ६० सेंट परत मागितले. त्याने खांदे उडवले, 'मॅनेजर इथे नाही' म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला. तिथे एक कोरियन कुटुंब नुकतंच बसत होतं. जाता जाता त्यांना पाण्याचं तेवढं सांगितलं.

छापील बिल आणि कार्डाची पावती, दोन्ही मागून घ्या. 'सिग्नल-कोंसो' या फ्रेंच सरकारच्या ग्राहक तक्रार साइटवर ती कामी येतात. आम्ही तक्रार टाकली आहे. पैसे परत मिळतील असं वाटत नाही, पण त्या हॉटेलच्या नावावर नोंद तरी राहील.