ट्रॅव्हल एजंटने कंपनीला 6,59,215 रुपयांना गंडवलं, तुमची बिलं आजच काढून बघा

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. मशिन बसवायला आणि दुरुस्तीला आमचे इंजिनिअर सतत चेन्नई, कोइम्बतूर, दिल्ली, पंतनगर असे फिरत असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मालक म्हणाले, खर्चाला कात्री लावायची आहे, प्रवासापासून सुरुवात करा. एप्रिल 2022 ते सप्टेंबर 2024 या तीस महिन्यांचं एजंटचं लेजर काढलं. एकूण 61,84,320 रुपये. तिकिटं आधी काढायची शिस्त लावली तर दोन-तीन लाख वाचतील, एवढाच माझा हिशेब होता.

निघालं ते असं. रद्द केलेल्या 43 तिकिटांचा रिफंड एजंटने स्वतःकडे ठेवला: 2,87,460. तिकिटाच्या पीडीएफमध्ये भाडं बदलून 168 तिकिटांवर जास्त पैसे लावले: 3,12,815. सात प्रवासांची बिलं वेगळे नंबर टाकून दुसऱ्यांदा लावली: 58,940. मी स्वतः तीन वेळा बेरीज केली. सहा लाख एकोणसाठ हजार दोनशे पंधरा.

हा माणूस सहा वर्षं आमच्याकडे येत होता. रात्री अकराला फोन केला तरी तिकीट काढून द्यायचा. माझ्या हाताखाली दोन माणसं. पगार, टीडीएस, जीएसटी, बँक, सगळं आम्हीच करतो. महिन्याला सत्तर-ऐंशी तिकिटं-हॉटेलांची बिलं येतात, त्यातलं प्रत्येक भाडं कोण ताडून बघणार? दोन वर्षांच्या ऑडिटमध्ये सीएंनाही काही दिसलं नाही. हे मालकांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

आणि तरीही एक कागद मला झोपू देत नाही. मे 2023 मध्ये गो फर्स्टची विमानं अचानक बंद झाली, आठवत असेल. त्याच आठवड्यात आमच्या तिघांचा पुणे-दिल्ली दौरा रद्द झाला. तिकिटं प्रत्येकी 7,640, म्हणजे 22,920. एजंट म्हणाला, "साहेब, गो फर्स्टमध्ये अडकले पैसे. सगळ्यांचेच अडकलेत, दिवाळखोरीचं निघाल्यावर बघू." पेपरात रोज तेच छापून येत होतं, मला पटलं. मी रक्कम खर्चात टाकायचं व्हाउचर केलं, मागे तिकीट टाचलं आणि सही केली. त्या तिकिटावर विमान क्रमांक 6ई ने, म्हणजे इंडिगोच्या खुणेने, सुरू होत होता. गो फर्स्टचा जी8 ने सुरू व्हायचा. तिकीट माझ्या हातात होतं, माझ्याच पिनेने टाचलेलं. इंडिगो व्यवस्थित उडत होती आणि प्रत्येकी 3,500 कापून 12,420 तिने त्याच महिन्यात परत केले होते. त्या दिवशी ती दोन अक्षरं वाचली असती तर पुढचे सोळा महिने वाचले असते.

दुसरी खूण जीएसटीची. तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी नंबर टाकला की विमान कंपनीचं बिल आपल्या नावावर निघतं आणि जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं. आमची असंख्य तिकिटं तिथे दिसतच नव्हती. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पोर्टलवर ऑप्शन येत नाही साहेब." ऑप्शन येत होता. नंबर टाकला असता तर खरं भाडं आमच्यासमोर आलं असतं, म्हणून तो टाकत नव्हता. एजंटने हे कारण दिलं तर त्याच दिवशी त्याची बिलं थांबवा. इकॉनॉमीवरचं पाच टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजा मिळणारा कर, असं आमचं 71,306 रुपयांनी बुडालं, ते वरच्या आकड्यात धरलेलंच नाही. 2022-23 च्या क्रेडिटची मुदत तर 30 नोव्हेंबर 2023 लाच संपली होती.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी सांगितलं, हा व्यवहार दिवाणी आहे, कोर्टात जा. बनावट पीडीएफ आणि कंपनीचं खरं बिल शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं, तरी "तुम्ही पैसे स्वतःहून दिलेत ना?" दुसऱ्या खेपेला प्रश्न वेगळा: प्रकार 1 जुलै 2024 च्या आधीही झाला आणि नंतरही, मग फसवणुकीचं जुनं कलम 420 लावायचं की त्या तारखेपासून आलेल्या नव्या न्याय संहितेचं 318? हे मी ठरवायचं का? तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला ईमेलच्या प्रिंटसाठी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र मागितलं, जे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. आर्थिक गुन्हे शाखेत म्हणाले, रक्कम लहान आहे, चौकीतच जा. सहा लाख लहान! 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तर व्यवसायासाठी घेतलेली सेवा म्हणून तुम्ही ग्राहक नाही. विमान कंपनीने लिहिलं, रिफंड एजन्सीच्या खात्यात दिला, एजंटशी बोला. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा नियम सांगतो की एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही विमान कंपनीचीच, कारण एजंट तिचा नेमलेला प्रतिनिधी. तो नियम मी दोनदा पाठवला. दोन्ही वेळा तेच छापील उत्तर. प्रत्येक ऑफिसात मी माझ्याच मूर्खपणाची फाईल उघडून दाखवायची आणि समोरच्याने घड्याळ बघायचं, असं पाच महिने चाललं.

रद्द तिकिटाची क्रेडिट नोट, म्हणजे पैसे परत जमा केल्याचा कागद, तीस दिवसांत आली नाही तर विमान कंपनीला पीएनआर टाकून थेट मेल करा, एजंटला विचारत बसू नका. आमचे रिफंड कधी आणि किती गेले हे अशा मेलमुळेच लेखी मिळालं. पीडीएफवर विश्वास नको, कंपनीच्या साइटवरून टॅक्स बिल स्वतः उतरवा. बुकिंगमध्ये प्रवाशाचा मोबाईल आणि ऑफिसचा ईमेल हवाच. आमच्या तिकिटांवर सगळीकडे एजंटचाच होता. न गेलेल्या माणसाचं बिल पकडायचं तर हजेरीपट लेजरशेजारी ठेवा, दुबार बिलं आम्हाला तशीच सापडली. आणि कोणीही "अडकले" म्हणालं तर कुठे अडकले त्याचा कागद मागा.

जानेवारीत आमच्या एजंटने दोन लाखांचा चेक दिला, हात जोडून, बायकामुलांचं सांगून. चेक परत आला. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत वकिलाची नोटीस गेली, नंतरच्या पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, चेक न वटल्याची, कलम 138 ची केस उभी राहिली. उरलेल्या 4,59,215 चा एफआयआर अजून झालेला नाही. चौकीतल्या अर्जावर पोच घेतली आहे, तिची झेरॉक्स आता बॅगेतच असते.