हीट पंप: मंद पण सतत, की बंद-चालू?

घर गरम ठेवणारा हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून तर १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते, पण घर तापवायला नळ्यांतून फिरणारं पाणी ३५ अंशांवर ठेवलं तरच हे नीट जमतं, ५५ वर नेलं की कॉम्प्रेसरला जोर लागतो नि बिल वाढतं. त्यामुळे मला तरी सतत मंद, म्हणजे कोमट पाण्यावर, चालवणंच पटतं. बंद-चालू केलं की गार पडलेलं घर तापवायला पंप फुल लोडवर पळतो, बऱ्याचदा बॅकअप हीटरही (जोडीचा साधा विजेचा हीटर) लागतो आणि तो १ युनिटला १च देतो!! हां, घर बरेच दिवस रिकामं असेल तर तापमान उतरवा.

फिल्टर साफ ठेवणं दोन्ही पद्धतींत आलंच. थंडीत बाहेरच्या युनिटमधून वाफ निघाली तर घाबरू नका प्लीज, डीफ्रॉस्ट, म्हणजे युनिटवर साचलेला बर्फ वितळवणं, चालू असतं.