गरम होणारी गाडी आणि ओबीडी रीडर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

गाडीच्या मीटरमध्ये तापमानाची सुई नसेल आणि घाट नेहमीचा असेल, तर ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र, घ्याच. मार्चपासून माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये तो वापरतोय. आंब्याचा हंगाम, मे महिन्याची गर्दी, सगळा पावसाळा त्यावर गेला. आमचं राहणं चिपळूणचं. कराडला जायचं तर कुंभार्ली घाट, गुहागरकडून दापोलीला जायचं तर धोपावे-दाभोळची फेरीबोट. इंजिनाची खरी परीक्षा याच दोन ठिकाणी होते.

हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांत सुई नसतेच. इंजिन थंड असताना निळा दिवा, फार तापलं की लाल. लाल दिवा लागेपर्यंत पाणी उकळायला आलेलं असतं. रीडर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि ब्लूटूथवरून मोबाईलला कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान अंशांत दाखवतो. २०१३ च्या एप्रिलनंतरच्या बीएस-४ पेट्रोल कारला हे सॉकेट असतंच.

माझ्या गाडीचा लाल दिवा कुंभार्लीत लागायचा. एका गॅरेजात सांगितलं, रेडिएटर बदला. दुसरे मेस्त्री म्हणाले, थर्मोस्टॅट काढून टाका, कोकणात त्याची गरज काय? हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो मला अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन धड तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि 'पी ०१२८' हा बिघाडाचा कोडही येऊ शकतो. घाटात गाडी का तापते, ते मात्र तसंच राहतं.

आकडा किती चढला यापेक्षा तो कुठे चढतो, हे बघायचं. हायवेला आकडा ८८-९० वर स्थिर होता, म्हणजे थर्मोस्टॅट उघडत होता आणि पंपही पाणी फिरवत होता. धोपाव्याच्या जेट्टीवर एसी लावून रांगेत थांबलो की तो १०० च्या पुढे सरकायचा, गाडी हलली की खाली यायचा. उभ्या गाडीत चढतो आणि चालत्या गाडीत उतरतो, तर पहिला संशय पंख्यावर. बॉनेट उघडलं, एसी चालू, पंखा बंद!

पंख्याला थेट बॅटरीची वायर दिली तर तो फिरला, म्हणजे मोटर ठीक. हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) त्याच मापाचा होता, तो पंख्याच्या जागी लावून पाहिला, तरी फरक नाही. मग रिलेचं सॉकेट उघडलं, तर टर्मिनलवर हिरवा थर. समुद्राची खारी हवा तांब्यापितळेला हे करतेच. टर्मिनल बदलून घेतली, ग्रीस लावलं. रेडिएटरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता.

तरी कुंभार्लीत दुसऱ्या गिअरमध्ये आकडा हळूहळू १०६ पर्यंत जातच होता, आता पंखा फिरत असूनही. गॅरेजमधल्या पोराने बंपर काढला आणि म्हणाला, "काका, पुढून स्वच्छ दिसतोय तो एसीचा कंडेन्सर आहे, रेडिएटर नाही. मागे बघा." एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जांभ्याची तांबडी धूळ, सुकं गवत आणि किडे यांचा घट्ट थर बसला होता. हवा आरपार जाणार कुठून? मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतलं. जोराचा फवारा मारला तर रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पापण्या (फिन्स) वाकतात. दरवर्षी पावसाळ्याआधी हे काम करून घ्यावं, असं आता माझं मत झालंय.

त्याच वेळी कूलंट बदलला, कारण जुना गंजासारखा तपकिरी झाला होता. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसतं पाणी चालतं, असं म्हणणारे खूप भेटतात. पण कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याचा बिंदूही वाढवतो. निम्मं ग्लायकॉल मिसळलं की तो १०७ अंशांच्या आसपास जातो, आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबामुळे अजून बराच वर. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी तर अ‍ॅल्युमिनिअमच्या रेडिएटरचं वाटोळं करतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि हिरवा व लाल कूलंट एकमेकांत मिसळू नका. झाकणाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. आता घाटमाथ्याला आकडा ९६-९८ असतो आणि एसी बंद करावा लागत नाही.

रीडरच्या त्रुटीही सांगतो. सगळ्यात स्वस्त नकलांचं ब्लूटूथ मध्येच तुटतं, नेमकं चढावर. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर रीडर काढून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कूलंट पूर्ण गळून गेला तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा खोटा, कमीही दाखवू शकतो. म्हणून सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी डोळ्यांनी बघायचीच. गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका. आणि घाटात आकडा चढलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल. तरी उतरला नाही, तर बाजूला घेऊन गाडी बंद करा.

सगळं नीट असूनही बाटलीत बुडबुडे येत असतील, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, किंवा गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी पुढे चालवू नका. त्यात हा रीडर फारसा उपयोगी नाही.

जुन्या डिझेल जीपवाल्यांनी हा घेऊ नये, कारण त्यांना सॉकेटच नसतं. त्यांनी तापमानाचं वेगळं मीटर बसवून घ्यावं.